चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यातील जनावरांचा कोठा : नियोजन व बांधणी

प्रस्तावना :

उर्वरित महाराष्ट्र ज्याला गोठा म्हणतो त्यास पूर्व विदर्भात कोठा म्हणतात. घराच्या पाठीमागच्या सांदवाडीत, क्वचित घराच्या भिंतीलाच टेकून, हा कोठा उभा असतो. दोन बैल, एखादी गाय, चार-सहा शेळ्या, नांगर-वखर, धानाचे तणस आणि हंगामात मोहफुलांची पोती अशा सर्वांची सोय त्या एकाच छपराखाली होते. चंद्रपूर व गडचिरोली हा सर्व मुलूख २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात होता. जिल्हे दोन झाले तरी जंगल, धानशेती आणि लाकूडफाट्याचे रिवाज बहुतांशी सामाईक राहिले. म्हणून या दोन जिल्ह्यांतील कोठ्याचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

कोठा बांधणे हा वरवर पाहता अगदी साधा उद्योग आहे. तथापि या प्रदेशात त्यात एक अवघड पेच दडलेला आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हाळ्यात जनावरास जगवायचे तर निवारा शक्य तितका मोकळा, वारा खेळता असा हवा, असे पशुसंवर्धनाचे शास्त्र सांगते. उलट रात्री त्याच कोठ्याभोवती बिबट फिरतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेची गावे, ब्रह्मपुरी वनविभागातील गावे, इतकेच काय, चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचा परिसरदेखील वाघ-बिबटांच्या वावरापासून मुक्त नाही. वाघ बहुधा रानात चरत्या गुरांवर झडप घालतो. बिबट मात्र गावात शिरून शेळी, वासरू वा कुत्रे उचलतो. म्हणजे जी वास्तू दिवसा उघडी असावयास हवी तीच रात्री बंद असावी लागते. बाहेरून आलेले बहुतेक आराखडे या दोहोंपैकी एकाच बाजूचा विचार करतात. दोन्ही बाजू सांभाळणारा कोठा कसा योजावा, त्यासाठी लागणारे साहित्य कोठून व कोणत्या हक्काने मिळते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जमीन आणि परवानगी :

शेतजमिनीवर कोठा बांधण्यासाठी ती जमीन अकृषिक करून घ्यावी लागते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो बरोबर नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतीविषयक इमारतीची व्याख्या दिलेली आहे. अवजारे, खत, वैरण किंवा शेतमाल साठविण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, तसेच शेतकऱ्याच्या कुटुंबाच्या व गड्यांच्या निवासासाठी त्या जमिनीशी संबंधित असे जे बांधकाम केले जाते ते या व्याख्येत येते. कलम ४१ अन्वये शेतीच्या आकारणीची जमीन धारण करणाऱ्यास असे बांधकाम करण्याचा अधिकार आहे. मोठ्या शहरांच्या व नगरपालिकांच्या हद्दीत आणि त्यांच्या आसपास मात्र त्यावर मर्यादा घातलेल्या आहेत. गावठाणात बांधायचे असल्यास ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. वनहक्क कायद्यान्वये मिळालेली पट्ट्याची जमीन वारसाहक्काने पुढे जाते, पण विकता येत नाही. तेव्हा तेथे खर्चिक पक्के बांधकाम करण्यापूर्वी कुटुंबाने आपापसांत विचार केलेला बरा.

लाकडाचा प्रश्न :

परवानगीपेक्षा लाकडाचा प्रश्न अधिक जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. जुन्या कोठ्याकडे पाहिले असता त्याचा प्रत्येक भाग जंगलातून आलेला दिसतो. खांब सागाचे, येनाचे वा बिजाचे. आडवी लाकडे धावड्याची वा तिवसाची. भिंती कुडाच्या, म्हणजे बांबूच्या कमच्या विणून त्यावर माती-शेण लिंपलेल्या. आणि वर बांबूच्या आधारावर रचलेले कवेलू. हे साहित्य शेतकरी बाजारातून आणीत नसे. मध्य प्रांताच्या काळापासून या भागात निस्ताराची पद्धत होती. घर, कोठा, कुंपण आणि अवजारे यांसाठी लागणारे लाकूड, बांबू व फाटे गावाच्या हद्दीतील वा जमीनदारी जंगलातून घेण्याची ती मुभा होती. १९५० च्या कायद्याने जमीनदारी व मालगुजारी संपुष्टात आली, १९५१ पासून ती जंगले शासनाकडे गेली आणि हळूहळू निस्तार हा हक्क न राहता सवलत बनला. जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ व पुढील कलमांत निस्तारपत्रकाची तरतूद आजही आहे; पण गावकऱ्याच्या दृष्टीने निस्तार म्हणजे वनविभागाच्या आगारातून मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढा माल, असे त्याचे स्वरूप होऊन बसले.

स्वतःच्या बांधावरचा साग तोडणेही सहज शक्य नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, बिजा, तिवस, ऐन, हळदू, जांभूळ आदी झाडे आहेत. ती आपल्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. याच प्रदेशातील साग बल्लारपूरच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झाला. त्याच आगारापासून थोड्या अंतरावरील शेतकरी कोठ्याच्या चार खांबांसाठी हेलपाटे घालतो. यात कोणाचा दोष आहे असे नव्हे. मौल्यवान लाकडावर निर्बंध असणे स्वाभाविकच आहे. परंतु त्यामुळे कोठ्याचा आराखडा लाकडावर नव्हे तर बांबूवर बेतावा, हा व्यवहारी निष्कर्ष निघतो.

बांबूच्या बाबतीत परिस्थिती अलीकडच्या काळात बदलली आहे. वनहक्क कायदा, २००६ ने निस्ताराचे हक्क, मग ते कोणत्याही नावाने ओळखले जावोत, सामूहिक हक्क म्हणून मान्य केले आणि बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना कोणी द्यायचा, हा वाद राहिलाच. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले, तेव्हा तो मिटला. पुढे २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. परिणामी वनेतर जमिनीवर लावलेला बांबू आता कायद्याच्या दृष्टीने झाड नाही. आज कोठा बांधू इच्छिणाऱ्यास बांबूचे दोन सरळ मार्ग उपलब्ध आहेत : गावाकडे सामूहिक वनहक्क असेल तर ग्रामसभा, आणि नसेल तर स्वतःचा किंवा शेजाऱ्याचा बांध.

जागेची निवड :

कोठ्याची जागा ठरविताना प्रथम पाण्याचा विचार करावा. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने वेढा पडणे ही पावसाळ्यातील नेहमीची घटना आहे. वैनगंगेच्या काठी मात्र पूर अनपेक्षितपणे येतो. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी व वडसा परिसरातील अनेक गावे वेढली गेली. माणूस उंचवट्यावर पळतो, दावणीला बांधलेले जनावर पळू शकत नाही. म्हणून गावातील वृद्धांना माहीत असलेली सर्वांत वरची पाणरेषा विचारून घ्यावी आणि जोते तिच्या वर, निदान भोवतालच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच घ्यावे.

दुसरा विचार मातीचा. वरोरा-भद्रावतीकडील काळी माती आणि धानपट्ट्यातील कन्हार ही दोन्ही पावसाळ्यात फुगतात व उन्हाळ्यात भेगाळतात; त्यांत नुसताच रोवलेला खांब दोन-तीन वर्षांत कलतो. अशा ठिकाणी खड्डा अधिक खोल घेऊन मुरूम ठोकून भरावा. बरडी जमिनीत हा त्रास कमी असतो.

तिसरा विचार श्वापदांचा. कोठा झुडपांच्या कडेला नसावा. भोवतीची घाणेरी व उंच गवत काढून टाकावे, कारण बिबट उघड्यावरून सहसा येत नाही, आडोशाने येतो. उष्टे-खरकटे आणि मेलेल्या कोंबड्या जवळ टाकू नयेत. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट येतो. शेळ्यांचा कप्पा घराच्या भिंतीला लागून आणि गुरांचा त्याच्या बाहेरच्या बाजूस ठेवल्यास रात्रीची धडपड घरातल्या माणसास लगेच ऐकू येते.

कोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे पश्चिमेचे ऊन केवळ अरुंद बाजूवर पडते. गडचिरोलीच्या दक्षिण भागात पाऊस अधिक असल्याने जमीन सुकविण्यासाठी ऊन आत यावे, म्हणून दक्षिणोत्तर मांडणीही सुचविली जाते. परंतु या प्रदेशात जनावराचे खरे हाल उन्हाळ्यात होतात. जमिनीचा ओलावा उतार व मुरूम यांनी घालविता येतो, ऊन मात्र घालविता येत नाही.

मोजमाप :

प्रौढ गाईस छपराखाली साधारणतः ३.५ चौरस मीटर, म्हशीस ४ आणि शेळीस १ चौरस मीटर जागा धरतात. दोन बैल, एक गाय व सहा शेळ्या असलेल्या कुटुंबाने गुरांसाठी १०.५, शेळ्यांसाठी ६ आणि तणस व अवजारांसाठी ५ चौरस मीटर धरल्यास एकूण २१.५ चौरस मीटर होतात. ७.२ मीटर लांब व ३ मीटर रुंद कोठ्यात हे बसते. वासरे वाढतील, शेळ्या वितील, हे लक्षात घेऊन एका टोकाची आखूड भिंत पुढेमागे सरकविता येईल अशी कुडाचीच ठेवावी. तळाला गव्हाणीकडून नालीकडे दर ४० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर एवढा उतार द्यावा. त्याहून कमी उतारात मूत्र साचते आणि अधिक उतारात गाभण जनावर घसरते.

बांबूची निवड व प्रक्रिया :

बांबू दोन वर्षांत सडतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी आहे, परंतु तो दोष बांबूचा कमी आणि तो केव्हा तोडला व कसा बसविला याचा अधिक आहे. या जंगलांत मुख्यतः दोन जाती आढळतात. मानवेल भरीव व चिवट असते, ती खांब-वाश्यांना चांगली. कटांग जाड पण पोकळ आणि काटेरी. ती कमच्या व कुंपणासाठी वापरावी. बांबूला भुंगा लागतो तो त्यातील पिष्टामुळे. कोवळ्या आणि पावसाळ्यात वाढीस लागलेल्या बांबूत हे पिष्ट भरपूर असते. म्हणून किमान तीन वर्षे वयाचा बांबू, पाऊस संपल्यावर, हिवाळ्यात तोडावा. त्यानंतर तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास पिष्ट निघून जाते. माजी मालगुजारी तलाव या कामी सोयीचे आहेत. मात्र ज्या पाण्यात मासेमारी वा पिण्याची सोय असेल तेथे हे करू नये, कारण भिजत्या बांबूने पाणी कुजते.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या सुमारे ५ टक्के द्रावणात बांबू मुरविणे. त्यासाठी पेरांच्या पडद्यांना लांब सळईने आरपार छिद्र पाडावे लागते, नाहीतर द्रावण आत शिरत नाही. ही क्षारे पाण्यात विरघळणारी असल्यामुळे पाऊस आणि ओली माती त्यांना धुऊन नेतात. तेव्हा प्रक्रिया केलेला बांबूही जमिनीत रोवू नये. दगडी वा सिमेंटच्या हातभर उंच ठोकळ्यावर तो उभा करावा आणि छपराच्या पागोळीच्या आत ठेवावा. वाळवीची माती ठोकळ्यावरून चढताना दिसते आणि झाडून काढता येते, हा त्याचा आणखी एक लाभ. बांबूस खिळा ठोकू नये, तो उभा चिरतो. पेराजवळ छिद्र पाडून बोल्ट घालावा अथवा दोरीने आवळावे. बुरूड समाजातील कारागीर हे सर्व जाणतात. या कामात त्यांचा सल्ला अभियंत्याच्या आधी घ्यावा.

भिंत आणि दार :

सुरुवातीस सांगितलेला हवा आणि आडोसा यांचा पेच भिंतीतच सोडवावा लागतो. खालचा सुमारे चार फुटांचा भाग भरीव असावा, मग तो कुडाचा असो, मातीचा असो वा विटांचा. नुसती जाळी खालपर्यंत लावल्यास शेळ्या तिला टेकून झोपतात आणि बिबट बाहेरून पंजा घालतो. चार फुटांच्या वर मात्र भिंत न चढविता वेल्ड केलेली लोखंडी जाळी अथवा जवळजवळ बांधलेल्या बांबूंची ताटी लावावी. ती छपरापर्यंत पोचली पाहिजे. बहुसंख्य कोठ्यांत भिंत जेथे संपते आणि छप्पर जेथे सुरू होते तेथे हातभर फट सोडलेली असते. ती हवेसाठी सोडलेली असते आणि बिबटही तिचाच उपयोग करतो. मांजरकुळातील या प्राण्यास सहा फूट भिंत ही अडचण नव्हे. बंद कोठ्यात शिरलेला बिबट एका शेळीवर थांबेल असेही नाही. घाबरून इकडेतिकडे धावणाऱ्या अनेक शेळ्या तो एकाच रात्रीत मारू शकतो. पशुधनाच्या हानीबद्दल शासनाची भरपाई मिळते, परंतु पंचनामा आणि रक्कम हाती पडणे यांत जो काळ जातो त्यात शेळीवर चालणाऱ्या घराची घडी विसकटते.

दार बाहेर उघडणारे असावे. आत उघडणाऱ्या दारावर बाहेरून भार पडला की कडीवर ताण येतो. बाहेर उघडणारे दार त्याच भाराने चौकटीत अधिक घट्ट बसते.

छप्पर :

कवेलूंचे छप्पर उन्हाळ्यात थंड राहते, यात शंका नाही. तरीही लोक ते सोडून पत्र्याकडे वळले आणि त्याची कारणे केवळ हौसेची नव्हेत. वानरांच्या उड्यांनी कवेलू फुटतात, दरवर्षी ते फेरावे लागतात आणि फेरणारे हात आता मिळत नाहीत. खालच्या फाट्यांसाठी लाकूड मिळत नाही. पत्रा एकदाच टाकावा लागतो. पण मे महिन्याच्या दुपारी तापलेला पत्रा खालच्या जनावरावर भट्टीसारखी उष्णता ओततो. यावर मधला मार्ग असा : पत्रा वापरावा, मात्र मधली उंची निदान तीन मीटर ठेवावी, वरून चुन्याचा पांढरा लेप द्यावा आणि पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे दुसरे छत घालावे. मधल्या पोकळीतील तापलेली हवा आढ्याच्या फटीतून निघून जाते. त्या फटीलाही जाळी हवीच. पागोळी भिंतीबाहेर अडीच फूट यावी. उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या वादळात पत्रे उडतात, म्हणून ते खिळ्यांनी न ठोकता हूकबोल्टने आवळावेत.

पत्र्यावर धानाचे तणस पसरण्याची रीतही प्रचलित आहे. तिने उष्णता कमी होते, पण आगीची भीती वाढते. चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या बांबू-इमारतीस २०२१ च्या फेब्रुवारीत आग लागून मोठे नुकसान झाले. बांबूच्या बांधणीत तज्ज्ञता असलेल्या ठिकाणी जे घडले ते सांदवाडीत घडणे अवघड नाही. तणसाचा साठा कोठ्यापासून वेगळा, आणि चूल व विजेची तार दोहोंपासून दूर असावी.

शासकीय आराखडा :

शासनाने ३ फेब्रुवारी २०२१ रोजी शरद पवार ग्रामसमृद्धी योजना जाहीर करून रोजगार हमीतून पक्के गोठे बांधण्याची तरतूद केली. दोन ते सहा गुरांसाठी ७.७ मीटर लांब व ३.५ मीटर रुंद गोठा, गव्हाण आणि २५० लिटरचे मूत्रसंचय टाके यांसाठी ७७,१८८ रुपये. दहा शेळ्यांसाठी ३.७५ मीटर लांब व २ मीटर रुंद शेड, त्यास ४९,२८४ रुपये, असे मोजमाप ठरविण्यात आले. ही योजना उपकारक होती, हे मान्य करावे लागेल. पाण्यात उभी राहणारी गुरे तिच्यामुळे कोरड्या ओट्यावर आली. परंतु तिचा आराखडा साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच होता. शेळ्यांच्या शेडच्या भिंतींची सरासरी उंची २.२० मीटर, भिंती सिमेंटच्या आणि छत लोखंडी वा सिमेंटच्या पत्र्याचे. सांगलीच्या माळावर हे चालून जाईल. मूल किंवा सिंदेवाही तालुक्यात एवढ्या कमी उंचीच्या पत्र्याखाली दहा शेळ्या उन्हाळ्यात धापा टाकतात.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट खर्चाच्या विभागणीत आहे. गोठ्याच्या ७७,१८८ रुपयांपैकी अकुशल मजुरीचा वाटा ६,१८८ रुपये, म्हणजे अवघा ८ टक्के. उरलेले ७१,००० रुपये कुशल कामाचे व साहित्याचे. रोजगार देण्यासाठी असलेल्या निधीचा एवढा मोठा भाग सिमेंट, लोखंड व पत्रा यांच्याद्वारे गावाबाहेर जातो. कुडाच्या भिंतीत आणि तट्ट्याच्या छतात ही विभागणी जवळजवळ उलटी होते : बांबू ग्रामसभेचा, कमच्या बुरुडाच्या, लिंपण घरातल्या स्त्रियांचे. ओटा, ठोकळे, जाळी व पत्रा एवढेच बाहेरून आणावे लागते. मंजूर आराखड्यास स्थानिक साहित्याचा पर्याय जोडून देण्याचे काम जिल्ह्यातील तंत्रनिकेतने व महाविद्यालये यांना सहज करता येण्याजोगे आहे. एका उन्हाळ्यात दोन प्रकारच्या छपरांखालील तापमानाच्या नोंदी घेतल्या तरी ग्रामसभेच्या हाती बोलण्यास आधार येईल.

कामाचा क्रम :

कामाचा क्रम शेतीच्या हंगामाशी जुळवून घ्यावा लागतो. धानाची कापणी आटोपल्यावर मार्गशीर्षात बांबू तोडावा आणि पौषभर तो पाण्यात राहू द्यावा. माघात सावलीत सुकवून, प्रक्रिया करून, याच काळात ओटा व ठोकळे बांधून घ्यावेत. पाणी तेव्हा विहिरीत असते. फाल्गुनात सांगाडा व छप्पर उभे करावे. हंगाम लागला की माणसे मोहफुले वेचण्यास आणि पुढे तेंदूपानांच्या तोडाईस जंगलात जातात, मजूर मिळत नाहीत. त्याआधी जाळी आणि दार बसले पाहिजे. कुडाचे लिंपण मागाहून केले तरी चालते, परंतु मृगाच्या सरींपूर्वी ते दोन वेळा सुकलेले असावे.